सत्तांतर, धर्माधिकार आणि क्रियापदाचा कर्ता : वसईविषयक इतिहासलेखनाची एक समीक्षा

१

वसईच्या मोहिमेविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. गो. स. सरदेसाई ह्यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचा १६ वा खंड ह्याच मोहिमेला वाहिलेला आहे, य. न. केळकरांनी तिच्यावर ‘वसईची मोहीम’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पां. स. पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरांच्या आधारे सिद्ध केलेला ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. मोहिमेचा लष्करी आणि राजकीय इतिहास ह्या साधनांमुळे पुष्कळच स्पष्ट झाला आहे. परंतु ह्या साधनांवर पुढे जे सामान्य ग्रंथ, व्याख्याने आणि पाठ्यपुस्तके रचली गेली, त्यांचा ओघ बहुधा मे १७३९ पाशी येऊन थांबतो. किल्ल्यावर निशाण चढते, फिरंगी निघून जातात आणि प्रकरण संपते.

किल्ल्याबाहेर गावोगाव जी ख्रिस्ती रयत राहिली तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न ह्या लेखनात क्वचितच उपस्थित होतो. तिच्यावरील धर्माधिकार कोणाकडे गेला? ज्या राजसत्तेच्या आश्रयाने तिचा धर्म बदलला, ती राजसत्ता गेल्यावर तो धर्म का गेला नाही? ह्या प्रश्नांना जी उत्तरे रूढ आहेत ती दोन. एक उत्तर असे की मराठे सहिष्णु होते, म्हणून ख्रिस्ती धर्म राहिला. दुसरे उत्तर असे की बाटलेल्यांना परत घेण्यास हिंदू समाज तयार नव्हता, म्हणून तो राहिला. दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु दोहोंतही निर्णय करणारा पक्ष रयतेच्या बाहेरचा आहे. एकात तो राज्यकर्ता आहे, दुसऱ्यात तो जातिसमाज आहे. स्वतः ती रयत कोठेही कर्ता म्हणून उभी नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की हा दोष केवळ साधनांच्या अभावाचा नाही, तो आपल्या परिभाषेचाही आहे. ज्या शब्दांनी आपण सत्तांतर आणि धर्मांतर ह्यांचे वर्णन करतो ते शब्द धर्माधिकाराचे भिन्न स्तर एकत्र कालवून टाकतात, आणि त्यामुळे १७३९ नंतर नेमके काय बदलले व काय टिकले हे आपल्याला दिसेनासे होते.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘सत्तांतर’ आणि ‘धर्मांतर’ हे दोन्ही समास एकाच घडणीचे आहेत. संस्कृत व्याकरणात ‘अन्यो राजा राजान्तरम्’ असा ह्या समासाचा विग्रह प्रसिद्ध आहे. म्हणजे ‘राजान्तर’ ह्याचा मूळ अर्थ दुसरा राजा, ‘देशान्तर’ ह्याचा दुसरा देश. त्याच न्यायाने ‘धर्मान्तर’ म्हणजे दुसरा धर्म. मराठीने ह्या समासांना क्रियेचा अर्थ दिला. ‘धर्मांतर’ म्हणजे आता दुसरा धर्म नव्हे, एका धर्मातून दुसऱ्यात जाणे. असा अर्थविकास भाषेत घडतच असतो आणि त्यात दोष काढण्याचे कारण नाही. मात्र त्याचा एक परिणाम ध्यानात घ्यावयास हवा. वस्तुवाचक नाम जेव्हा क्रियावाचक होते तेव्हा त्या क्रियेचा कर्ता सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसते. ‘वसई प्रांतात धर्मांतरे झाली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. परंतु कोणी केली, कोणाची केली, कोणी पत्करली, ह्यांपैकी काहीही त्याने सांगितलेले नाही.

क्रियापदांकडे वळल्यास हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. ‘बाटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. जो बाटतो त्याच्या बाबतीत काही घडते, तो काही करीत नाही. ‘बाटविणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. तेथे कर्ता येतो, पण तो फिरंगी किंवा पाद्री असतो. परतीच्या मार्गावरचे क्रियापद ‘शुद्ध करून घेणे’. येथेही कर्तृत्व ब्रह्मवृंदाकडे अथवा जातीकडे आहे. तिन्ही ठिकाणी ज्याचा धर्म बदलतो तो मनुष्य एक तर भोक्ता आहे किंवा कर्म आहे.

मराठीत दुसरी क्रियापदे नाहीत असे मात्र नाही. ना. वा. टिळकांविषयी आपण लिहितो की त्यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, असे आपण लिहितो. ‘स्वीकारणे’ आणि ‘घेणे’ ही सकर्मक क्रियापदे आहेत, आणि त्यांचा कर्ता धर्म बदलणारा मनुष्य स्वतः आहे. मग सोळाव्या शतकातील आगरातल्या माळ्याच्या वाट्याला ‘बाटला’ आणि एकोणिसाव्या शतकातील कवीच्या वाट्याला ‘स्वीकारला’, असा भेद का? पहिल्या ठिकाणी सक्ती होती व दुसऱ्या ठिकाणी नव्हती, हे उत्तर अंशतः बरोबर आहे. परंतु सक्तीने जे घडले त्यानंतर दोनशे वर्षे त्या माळ्याच्या वंशजांनी जे केले, त्यालाही आपण तेच अकर्मक क्रियापद लावीत राहतो, हे त्या उत्तराने समर्थनीय ठरत नाही. सक्ती ही प्रारंभाची मीमांसा आहे. टिकून राहण्याची मीमांसा तिच्यातून निघत नाही.

३

आता घटनांकडे वळू. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशाह ह्याने वसई आणि तिच्याखालील मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला. त्यानंतर ठाणे, साष्टी, वसई ह्या पट्ट्यात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पंथीयांनी चर्च, मठ व पाठशाळा उभारल्या. येथे विद्यार्थ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. ‘साष्टी’ नावाचे दोन प्रदेश ह्या इतिहासात येतात, एक मुंबईच्या उत्तरेचे बेट आणि दुसरा दक्षिण गोव्यातील मडगावाभोवतालचा तालुका. दोहोंची गल्लत झाल्याने पुष्कळ विधाने चुकीच्या ठिकाणी लागू केली जातात. ह्या लेखात ‘साष्टी’ म्हणजे उत्तरेचे बेट असे समजावे.

ह्या प्रदेशातील धर्माधिकार तीन भिन्न आधारांवर उभा होता. पहिला आधार राजाश्रयाचा: चर्चला मिळालेल्या जमिनी व उत्पन्ने, देवळे पाडण्यास पाठबळ देणारे हुकूम, अनाथ हिंदू मुले चर्चच्या ताब्यात देण्यासंबंधीची १५५९ ची राजाज्ञा, आणि १५६० पासून गोव्यात बसलेले इन्क्विझिशनचे न्यायपीठ. दुसरा आधार अधिकारक्षेत्राचा: धर्मगुरूची नेमणूक कोणी करावी, बिशप कोणाला मानावे, हा प्रश्न. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चच्या बाबतीत जे पुरस्कर्तृत्वाचे हक्क दिले होते त्यांस ‘पाद्रोआदो’ म्हणतात. त्या हक्कांन्वये हा सर्व प्रदेश गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारात होता. तिसरा आधार ग्रामजीवनाचा: जन्म, विवाह व मृत्यू ह्या प्रसंगीचे संस्कार, सण, दफनभूमी, आणि ह्या सर्वांभोवती विणलेले नात्यागोत्याचे जाळे.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसईचा किल्ला जिंकला. शरणागतीच्या अटींत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक आणि मोजक्या चर्चना अभय देण्यात आले होते. ह्या घटनेने वर सांगितलेल्या तीन आधारांपैकी कोणता ढासळला? पहिला संपूर्णपणे ढासळला. युरोपीय पंथीय निघून गेले, मठ ओस पडले, जमिनी सरकारजमा झाल्या. किल्ल्यातील व प्रांतातील चर्चच्या घंटा सह्याद्रीवर चढल्या. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील भीमाशंकरास १७२९ ह्या सनाची, आणि वाईजवळील मेणवलीस १७०७ ह्या सनाची घंटा आजही पाहावयास मिळते. आपल्या लोकस्मृतीत ह्या घंटा विजयचिन्हे म्हणून राहिल्या आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या पहिल्या आधाराच्या पतनाची साक्ष देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

दुसरा आधार ढासळला नाही, ही ह्या इतिहासातील सर्वांत उपेक्षित गोष्ट होय. पोर्तुगालच्या राजाचे राज्य वसईतून १७३९ मध्ये गेले. परंतु त्याच्या पुरस्कर्तृत्वाखाली असलेल्या गोव्याच्या आर्चबिशपचा अधिकार साष्टी-वसईच्या ख्रिस्ती गावांवर तसाच चालू राहिला. युरोपीय पंथीयांच्या जागी गोव्याचे देशी पाद्री आले. मराठ्यांनी हा अधिकार मोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न केल्याचे दिसत नाही. किती चर्च उभी राहावीत हा त्यांच्या दृष्टीने राज्याचा प्रश्न होता. त्यांत उपासना चालविणारा पाद्री कोणाच्या सनदेने आला हा नव्हता. फ्रेंच प्राच्यविद्यापंडित आंकेतिल द्यूपेरों १७६० च्या सुमारास साष्टीतून फिरला, तेव्हा मराठ्यांच्या राज्यात उघडपणे व थाटाने चाललेले ख्रिस्ती उत्सव त्याला पाहावयास मिळाले. साष्टी पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. वसई प्रांतही कालांतराने इंग्रजी अमलाखाली आला. राज्ये अशी बदलत गेली, तरी पाद्रोआदोचा अधिकार राहिला. १८८६ च्या करारानंतर ही गावे नव्या दमण धर्मप्रांतात घातली गेली, आणि १९२८ मध्ये तो धर्मप्रांत बरखास्त होऊन मुंबईच्या आर्चबिशपच्या अधिकारात विलीन झाला. म्हणजे राजकीय सत्ता गेल्यानंतर तिच्या नावाने चालणारा धर्माधिकार वसईत सुमारे १९० वर्षे टिकला. ‘मराठ्यांनी पोर्तुगीज सत्तेचे उच्चाटन केले’ हे वाक्य राज्याच्या दृष्टीने खरे असले तरी धर्माधिकाराच्या दृष्टीने ते अर्धवट आहे.

४

हे निरीक्षण वसईपुरते अपवादात्मक आहे काय, हे पाहण्यास मुंबईचे उदाहरण उपयोगी पडते. ही दोन्ही ठिकाणे शेजारची, दोन्ही पोर्तुगिजांच्या हातून गेलेली, आणि दोहोंतील ख्रिस्ती रयत बऱ्याच अंशी एकाच समाजातील. मुंबई बेट १६६१ च्या विवाहतहाने इंग्लंडच्या राजास मिळाले व १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात आले. तेथील कॅथलिक रहिवाशांच्या धर्मस्वातंत्र्याची हमी तहातच होती. येथे नवा राज्यकर्ता स्वतः ख्रिस्ती होता. त्यामुळे धर्माधिकारात फारसा फरक पडू नये, अशी अपेक्षा कोणीही करील.

घडले ते उलट. मुंबईतील फ्रान्सिस्कन पाद्री पोर्तुगालच्या राजाशी निष्ठा बाळगतात, हा संशय इंग्रजांना सतत डाचत होता. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून ह्याने त्यांना बेटावरून घालविले आणि त्यांच्या जागी रोममधील ‘प्रोपगंडा’ ह्या १६२२ मध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रसार-मंडळाच्या अधिकाराखालील कार्मेलाइट पाद्री आणले. येथे रयतेचा धर्म बदलला नाही, उपासना बदलली नाही, चर्चही तीच राहिली. बदलला तो केवळ अधिकार. आणि त्यावरून जो कलह पेटला तो दोन शतके शमला नाही. १७८९ ते १७९४ ह्या काळात कंपनी सरकारने चर्च एकदा गोव्याच्या आर्चबिशपला दिली, पुन्हा काढून घेतली, आणि अखेरीस दोन्ही पक्षांत वाटून टाकली. एकाच शहरात, एकाच धर्माच्या, एकाच जातीच्या माणसांवर दोन धर्माधिकार चालू लागले. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चच्या ताब्यावरून असा तंटा झाला की बिशप हार्टमन ह्यांना आपल्या अनुयायांसह काही दिवस चर्चमध्ये कोंडून राहावे लागले व मुलकी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे भेद सहज दिसतो. मराठ्यांनी चर्च मोजली. इंग्रजांनी पाद्री निवडले. परधर्मीय राज्यकर्त्याने राजाश्रय नष्ट केला पण अधिकारक्षेत्र सोडून दिले. स्वधर्मीय म्हणवणाऱ्या राज्यकर्त्याने राजाश्रयाचे आश्वासन पाळले पण अधिकारक्षेत्र हाती घेतले. ‘सहिष्णुता’ ह्या एकाच मापाने दोन्ही राजवटी मोजणारा अभ्यासक हा भेद हरवून बसेल. ह्या संदर्भात पुणेकरांना परिचित असलेले एक उदाहरणही लक्षात घ्यावे. नाना पेठेतील ‘सिटी चर्च’ १७९२ मध्ये उभे राहिले ते पेशव्यांच्या सेवेतील ख्रिस्ती शिपायांसाठी पेशवे सरकारने दिलेल्या जमिनीवर. वसई जिंकल्यानंतर अवघ्या अर्धशतकात त्याच घराण्याचे सरकार चर्चसाठी जमीन देते, ह्यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. पेशव्यांचा विरोध फिरंगी राज्याच्या अंगभूत असलेल्या धर्मसत्तेशी होता. राज्यापासून सुटलेल्या उपासनेशी त्यांचे वैर नव्हते.

५

राहिला तिसरा आधार, ग्रामजीवनाचा. त्याचा पुरावा दफ्तरांत कमी आणि भाषेत अधिक आहे. म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने येथे बोलणे उचित होईल.

मराठीत पोर्तुगीजमधून आलेले शब्द दोन प्रकारचे आहेत. ‘पगार’, ‘लिलाव’, ‘चावी’, ‘बटाटा’ हे शब्द व्यवहाराचे; ते धर्माची सीमा ओलांडून सर्व मराठीत पसरले. ‘पाद्री’, ‘क्रूस’, ‘नाताळ’, ‘मिस्सा’ हे शब्द धर्माचे. त्यांपैकी काही सर्वांच्या तोंडी आहेत, काही ख्रिस्ती समाजापुरते मर्यादित. धर्मविषयक शब्दांचे नीट वर्गीकरण केल्यास असे दिसते की उसने शब्द पद, विधी व सण ह्यांची नावे सांगतात. ज्या ठिकाणी श्रद्धा व्यक्त होते तेथे मात्र शब्द घरचेच आहेत. ईश्वरास ‘देव’ म्हणतात. आणि वसईकडील जुन्या ख्रिस्ती बोलण्यात चर्चला ‘देऊळ’ म्हणतात. गोव्यात त्याच वास्तूला पोर्तुगीजमधून आलेला ‘इगर्ज’ हा शब्द रूढ झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘देऊळ’ ह्या शब्दाचे महत्त्व कळते. ज्या देवळांच्या जागी चर्च आली त्यांचे नाव चर्चने घेतले. हा पराभवाचा पुरावा म्हणावा की सातत्याचा, हे वाचणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून राहील. परंतु तो शब्द वापरणाऱ्या माणसाला आपण परक्याच्या वास्तूत जातो असे वाटत नव्हते, एवढे निश्चित.

‘कुपारी’ हा शब्द ह्याहून बोलका आहे. वसई परिसरातील सामवेदी ख्रिस्ती समाज ह्या नावाने ओळखला जातो. त्याची रूढ व्युत्पत्ती पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’ ह्या शब्दापासून लावतात. मुलाचा बाप आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्या मुलाची जबाबदारी घेणारा धर्मपिता ह्यांचे जे परस्पर नाते, त्याचा वाचक असा हा शब्द. म्हणजे ह्या समाजाचे नाव पाद्री आणि श्रावक ह्यांच्या उभ्या नात्यावरून आलेले नाही. ते दोन कुटुंबांमधील आडव्या नात्यावरून आले आहे. चर्चने आणलेल्या संस्कारातून गावाने स्वतःसाठी एक सोयरीक निर्माण केली आणि तिलाच आपले नाव बनविले. राजसत्ता गेल्यावर पाद्री निघून जाऊ शकतो. कुपारी कोठे जाणार? ह्याच समाजाची ‘कादोडी’ ही बोली सामवेदी हिंदू आणि सामवेदी ख्रिस्ती दोघेही बोलतात. धर्माने समाज दुभंगला, बोलीने तो दुभंगू दिला नाही. राजवाड्यांनी ‘महिकावतीच्या बखरी’च्या प्रस्तावनेत (१९२४) उत्तर कोकणातील सामान्य ग्रामस्थ राजसत्तांच्या उलथापालथीविषयी उदासीन होता, असा विचार मांडला. तो मान्य केला तरी त्याला पुरवणी जोडावी लागेल. ग्रामस्थ राज्याविषयी उदासीन असेल. आपल्या देवळाविषयी, सोयऱ्यांविषयी आणि पितरांच्या दफनभूमीविषयी तो उदासीन नव्हता.

वाङ्मयाचा पुरावाही ह्याच दिशेचा आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. मराठीच्या अभ्यासकांना ते सुपरिचित आहे. चऱ्होलीहून इंद्रायणीकाठाने पावलांवर असलेल्या आळंदीत ज्या छंदाची परंपरा नांदते, त्याच ओवीत तो इंग्रज जेझुइट सुमारे अकरा हजार ओव्या रचतो आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजतो, ह्यावर बरेच लिहिले गेले आहे. त्या मानाने फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमाराइश ह्या फ्रान्सिस्कनाच्या पुराणाची उपेक्षा झाली. ते १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले व त्याची मराठी उत्तरेकडच्या ख्रिस्ती समाजाला जवळची होती. काव्यगुणांच्या दृष्टीने ते स्टीफन्सच्या बरोबरीचे नाही. परंतु समीक्षकाने येथे काव्यगुणाबरोबर आयुष्यही मोजावे. गोव्यात व्हाइसरॉयच्या १६८४ च्या हुकुमाने देशी भाषेवर बंदी आली, आणि तेथील ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा प्रवाह क्षीण झाला. उत्तरेत मात्र राज्य बदलले, पंथीय गेले, तरी हे पुराण राहिले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापले गेले. कोणत्याही राजाज्ञेने ते छापावयास लावले नव्हते. ते वाचणारे व ऐकणारे होते म्हणून ते छापले गेले. पाठबळ संपल्यानंतर जे वाङ्मय टिकते त्याचा आश्रयदाता वाचक असतो, आणि तो वाचकच ह्या इतिहासाचा हरवलेला कर्ता होय.

६

विसाव्या शतकातील घडामोडी ह्या त्रिस्तरीय विश्लेषणाची कसोटी घेतात, व ते त्या कसोटीस उतरते. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि पुढच्या वर्षी राज्य व चर्च ह्यांची कायद्याने फारकत झाली. गोव्यात एक इंचही भूमी हस्तांतरित न होता चर्चचा राजाश्रय डळमळला व हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले. उलट, १९५३ मध्ये गोव्याच्या धर्मप्रांतातील भारतीय हद्दीचा भाग वेगळा काढून बेळगावचा नवा धर्मप्रांत निर्माण करण्यात आला. म्हणजे राजकीय मुक्तीच्या आठ वर्षे आधीच अधिकारक्षेत्राची सीमा बदलली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर तेथील पोर्तुगीज आर्चबिशप व पात्रिआर्क आल्व्हेर्नाझ हे लवकरच गोवा सोडून गेले. परंतु त्यांचा औपचारिक राजीनामा झाला तो १९७५ मध्ये, म्हणजे पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केल्यानंतर. मधली वर्षे रोमने तेथे प्रशासक नेमून काढली. राज्य एका दिवसात बदलले, धर्माधिकाराचा कागद बदलण्यास चौदा वर्षे लागली, आणि गावातील रविवारची उपासना मात्र एकदाही खंडित झाली नाही. तीन स्तर, तीन गती.

मुंबईतही असेच. आर्चबिशपपदावर आलटून पालटून पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्ती नेमावी, ही १९२८ मधील तडजोड १९५० मध्ये संपली आणि व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये अस्तित्वात आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाव दिल्यानंतर वसईची उपासना मराठीत आली. ‘स्नानसंस्कार’, ‘धर्मग्राम’, ‘मिस्साबलिदान’ असे शब्द रूढ झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ह्या घटनेकडे काहींनी मराठीच्या औदार्याचे उदाहरण म्हणून पाहिले. तसे पाहणे म्हणजे पुन्हा एकदा कर्ता बाहेर शोधणे होय. चारशे वर्षे ज्या समाजाने आपली प्रार्थना, ओवी आणि सोयरीक मराठीत जपली, त्याला मराठीने सामावून घेतले असे म्हणणे कालक्रमालाही धरून नाही.

येथे एका नावाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. गोव्याहून व मंगळुराहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्याकरिता मुंबई-साष्टी-वसईच्या स्थानिक ख्रिस्ती समाजातील पुढाऱ्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यापूर्वी सरकारी व्यवहारात त्यांना ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणत. हे नाव कंपनीच्या राज्याची आठवण देणारे असल्याने आज ते अनेकांना खटकते. परंतु ‘धारण केले’ ह्या क्रियापदाकडे पाहावे. ह्या समाजाने स्वतःविषयी घेतलेला तो एक जाहीर निर्णय आहे, आणि त्याचा हेतू परकीय नावातून सुटण्याचाच होता.

७

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. धर्म बदललेल्या रयतेला कर्तेपण देण्याच्या भरात सोळाव्या शतकातील जुलमावर पांघरूण तर पडत नाही ना? अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात (१९६१) जे पुरावे मांडले, त्यांकडे डोळेझाक करणे कोणत्याही प्रामाणिक अभ्यासकास शक्य नाही. देवळे पाडली गेली, अनाथ मुले हिरावली गेली, विधींवर बंदी आली. हे सर्व पहिल्या स्तरातील वास्तव आहे आणि त्याचे वर्णन करताना ‘बाटविले’ हे प्रयोजक क्रियापद यथार्थच आहे; किंबहुना तेथे कर्तरहित ‘धर्मांतरे झाली’ असे लिहिणेच अन्यायाचे, कारण त्यात जुलूम करणारा लपतो. आमचा आग्रह नेमका हाच आहे. जेथे पोर्तुगीज राज्य कर्ता आहे तेथे त्याचे नाव घ्यावे. जेथे पेशवे सरकार कर्ता आहे तेथे त्याचे घ्यावे. आणि जेथे वसईचा शेतकरी, माळी वा कोळी १७४० मध्ये, पंथीय निघून गेलेले असता, राज्यकर्ता अन्य धर्माचा असता, शुद्धीचा मार्ग काहींनी पत्करलेला डोळ्यांसमोर असता, आपल्या मुलाला स्नानसंस्कारासाठी देवळात घेऊन जातो, तेथे त्याचेही कर्तेपण मान्य करावे. तो मुलाला नेतो. नेला जात नाही.

ह्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांनी म्हणून तीन पथ्ये पाळावीत. धर्माधिकाराविषयी विधान करताना ते राजाश्रयाविषयी आहे, अधिकारक्षेत्राविषयी की ग्रामजीवनाविषयी, हे प्रत्येक वेळी सांगावे. एका स्तरावरील सन दुसऱ्या स्तरावर लावू नये. १७३९, १९२८ आणि १९६३ ही वसईच्या धर्मेतिहासातील तीन भिन्न सत्तांतरांची वर्षे आहेत. आणि ख्रिस्ती मराठीची पुराणे, प्रार्थना व बोली ह्यांना परिशिष्टात न ठेवता मुख्य साधनांत स्थान द्यावे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ज्या समाजाचा उल्लेख आपल्या ग्रंथांत पिढ्यान्पिढ्या अकर्मक क्रियापदाने होतो, त्याच्याकडे नागरिकही तसेच पाहू लागतात: कोणी एके काळी मागे टाकून गेलेली वस्तू म्हणून. फिरंगी राज्य गेले तेव्हा वसईची ख्रिस्ती रयत मागे राहिलेली नव्हती. ती आपल्या गावी होती.